क्रॉस ट्रेनर घरी आणताना

दिवाळीच्या सवलती असोत की नव्या वर्षाचा पहिला आठवडा, व्यायामाच्या यंत्रांच्या दुकानांत या दिवसांत हमखास गर्दी असते. ट्रेडमिल पाहायला आलेल्या कुटुंबाला विक्रेता हळूच शेजारच्या यंत्राकडे वळवतो. दोन पावठे, दोन हलत्या दांड्या, समोर छोटा पडदा. 'याने गुडघे दुखत नाहीत, हात आणि पाय दोन्हींचा व्यायाम होतो, जागाही कमी लागते,' असे तो सांगतो. हे यंत्र म्हणजे एलिप्टिकल क्रॉस ट्रेनर. पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत त्याच्या किमती जातात. विक्रेत्याची तिन्ही वाक्ये पूर्ण खोटी नसतात, पण तिन्ही अर्धीच असतात. उरलेले अर्धे माहीत नसल्यामुळे अनेक घरांत हे यंत्र चार-सहा महिन्यांत टॉवेल वाळत घालण्याच्या कामी येते. काही घरांत त्याहून वाईट घडते. ज्याच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी ते आणले, त्याचाच गुडघा आणखी दुखू लागतो.

म्हणून पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. हे यंत्र शरीराकडून नेमके काय करून घेते, ते कोणाच्या मापाचे आहे आणि घरातली कोणती व्यक्ती ते खरोखर वापरणार आहे.

गरज खरी आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस एरोबिक व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. याच संघटनेच्या संशोधकांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के. त्याआधी २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचा आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज मांडला होता.

चालणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, यात वाद नाही. पण शहरात चालायचे कुठे, हा प्रश्नही तितकाच खरा. पदपथ फेरीवाल्यांनी किंवा दुचाकींनी भरलेले, पहाटे मोकाट कुत्री, हिवाळ्यात हवेत धूर आणि धूळ, जून ते सप्टेंबर पाऊस. घरातल्या बाईला तर सकाळी डबे आणि संध्याकाळी स्वयंपाक यांच्या मधला जो अर्धा तास मिळतो, तो घराबाहेर पडण्यासारखा असतोच असे नाही. अशा वेळी घरातच, कुकरची शिट्टी ऐकू येईल इतक्या अंतरावर व्यायाम करता येणे ही चैन नव्हे. घरगुती यंत्राच्या बाजूने बोलणारा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. मात्र त्याचा अर्थ असाही होतो, की यंत्र त्या बाईच्या मापाचे हवे.

पाऊल हवेत जात नाही

ट्रेडमिलच्या मानाने क्रॉस ट्रेनर तसा नवा. अमेरिकेत लॅरी मिलर यांनी या रचनेचे पेटंट घेतले आणि १९९५ मध्ये 'प्रीकोर' कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. कल्पना साधी होती. धावताना किंवा चालताना पाऊल पुढे जाते, टेकते, मागे सरकते, उचलले जाते आणि पुन्हा पुढे येते. हा मार्ग कागदावर काढला तर तो लांबट अंड्यासारखा, म्हणजे साधारण लंबवर्तुळाकार दिसतो. इंग्रजीत लंबवर्तुळाला एलिप्स म्हणतात, त्यावरून यंत्राचे नाव पडले. पाय ठेवायचे पावठेच या मार्गाने फिरवले तर पाऊल जमिनीवरून उचलण्याची आणि पुन्हा आदळण्याची गरज उरत नाही. पुढे पावठ्यांना हलत्या दांड्या जोडल्या गेल्या आणि हातही कामाला लागले. उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे येतो, जसा तो चालताना येतो.

परिश्रमाच्या दृष्टीने पाहिले, तर या यंत्रावरचा मध्यम गतीचा व्यायाम चालण्यापेक्षा वरच्या पायरीवर आहे. शारीरिक हालचालींची ऊर्जा मोजण्यासाठी 'मेट' हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेले शरीर जेवढी ऊर्जा वापरते ते १ मेट. सपाट रस्त्यावर ताशी पावणेपाच किलोमीटरच्या आसपास चालणे सुमारे ३.५ मेटचे, तर क्रॉस ट्रेनरवरचा मध्यम व्यायाम ५ मेटचा मानला जातो. हृदयाला आणि फुप्फुसांना काम देण्याच्या बाबतीत हे यंत्र ट्रेडमिलपेक्षा उणे नाही. तितकाच दम लागेल इतके चालवले, तर फायदाही तितकाच.

गुडघ्याचे अर्धसत्य

आता विक्रेत्याचे पहिले वाक्य. चालताना टाच टेकते त्या क्षणी जमीन शरीराला उलटा धक्का देते. चालण्यात हे बल शरीराच्या वजनाहून थोडेच अधिक असते, धावण्यात मात्र दुप्पट ते तिप्पट होते. क्रॉस ट्रेनरवर पाऊल पावठ्यावरून सुटतच नाही, त्यामुळे हा धक्का जवळजवळ नाहीसा होतो. टाचेच्या दुखण्याने बेजार झालेल्यांना किंवा धावणे बंद करावे लागलेल्यांना हा मोठा दिलासा असतो.

पण धक्का बसत नाही म्हणजे सांध्यावर ताण येत नाही, असे नव्हे. २००७ मध्ये तैवानच्या संशोधकांनी चालणे आणि एलिप्टिकलवरचा व्यायाम यांची तुलना केली. यंत्रावर भार हळूहळू चढतो हे त्यांना दिसले. मात्र गुडघा अधिक वाकलेल्या अवस्थेत काम करत असल्याने त्याला सरळ करणाऱ्या मांडीच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो, हेही दिसले. २००८ मध्ये अमेरिकेत डॅरिल डीलिमा आणि सहकाऱ्यांनी आणखी थेट मोजणी प्रसिद्ध केली. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मोजक्या रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच भार मोजणारे संवेदक बसवलेले होते. स्थिर सायकल चालवताना सांध्यावरचा भार साधारण शरीराच्या वजनाइतकाच राहिला. ट्रेडमिलवर चालताना तो सुमारे दुप्पट होता आणि हलके धावताना तिपटीच्या वर गेला. एलिप्टिकलवरचा भार धावण्यापेक्षा कमी होता, पण ट्रेडमिलवर चालण्यापेक्षा कमी नव्हता.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. धावणे झेपत नाही पण चालणे झेपते, अशा गुडघ्याला क्रॉस ट्रेनर बहुधा झेपेल. चालणेही दुखते अशा गुडघ्यासाठी सायकल हा आधीचा पर्याय आहे. गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असेल, जिना उतरताना कळ येत असेल, तर यंत्र घेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांना विचारणे शहाणपणाचे.

हाडांच्या बाबतीतही हिशेब दुहेरी आहे. हाड मजबूत राहायला त्याच्यावर भार यावा लागतो. सायकलवर बसून वजन गादीवर जाते, क्रॉस ट्रेनरवर ते पायांवर येते, एवढा त्याचा फायदा. पण हाडाला चेतवणारे छोटे धक्के इथे मिळत नाहीत. त्यामुळे रजोनिवृत्तीनंतरच्या वयात केवळ या यंत्रावर विसंबून राहू नये. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, जिने चढणे, हलकी वजने उचलणे यांची जोड हवीच.

पावलाची लांबी: किमतीआधीचा प्रश्न

दुकानात बहुतेक जण आधी किंमत विचारतात, मग पडद्यावर काय काय दिसते ते पाहतात. खरे तर पहिला प्रश्न असायला हवा स्ट्राइडचा. पावठा पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जेवढे अंतर जातो, ती स्ट्राइडची लांबी. ती माणसाच्या उंचीशी जुळली नाही तर बाकी सगळे उत्तम असूनही यंत्र नकोसे होते.

ढोबळ अंदाज असा: उंची ५ फूट ३ इंचांपर्यंत असेल तर १४ ते १६ इंचांची स्ट्राइड पुरते. ५ फूट ३ ते ५ फूट ७ इंचांसाठी १६ ते १८ इंच आणि त्याहून उंच माणसाला १८ ते २० इंच बरी पडते. स्ट्राइड फार आखूड असली तर हालचाल पुढे-मागे न होता वर-खाली होते. जिना चढल्यासारखे वाटते, गुडघे जास्त वाकतात आणि मांड्या लवकर भरून येतात. स्वस्त यंत्रांत हा दोष सर्रास आढळतो. फार लांब असली तर बुटक्या व्यक्तीला प्रत्येक फेरीत कंबर ताणावी लागते आणि दोन-चार दिवसांत पाठ बोलू लागते. घरात उंची पावणेसहा फुटांची आणि पाच फुटांची अशी दोन माणसे असतील, तर निवड जो अधिक वापरणार त्याच्या मापाने करावी. स्ट्राइड बदलता येणारी यंत्रेही मिळतात, पण ती बरीच महाग असतात.

दुसरे माप दोन पावठ्यांमधल्या अंतराचे. ते जितके कमी तितके चांगले. अंतर जास्त असेल तर पाय फाकवून चालल्यासारखे होते आणि खुब्यावर, कंबरेवर ताण येतो. यासाठी मोजपट्टीही लागत नाही. पावठ्यांवर उभे राहून खाली पाहावे. पाय नेहमी उभे राहताना असतात तितपतच लांब असले, तर ठीक.

तिसरी गोष्ट वजनमर्यादेची. यंत्रावर १०० किंवा १२० किलो असा आकडा लिहिलेला असतो. ती सुखाने चालण्याची नव्हे, सहन करण्याची सीमा समजावी. वापरणाऱ्याच्या वजनापेक्षा मर्यादा किमान २० किलोंनी जास्त असावी. यंत्राचे स्वतःचे वजन हाही एक पुरावाच असतो. हलके यंत्र उचलायला सोपे, पण वेग वाढला की ते डोलू लागते.

चाक आणि चुंबक

क्रॉस ट्रेनरच्या पोटात एक जड चाक असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. पावठा फेरीच्या दोन टोकांना पोहोचतो तेव्हा पायांचा जोर क्षणभर कमी पडतो. त्या क्षणी फिरत्या चाकात साठलेली गती यंत्राला पुढे नेते. चाक हलके असेल तर तेथे गचका बसतो, आणि दिवसाला दोन-तीन हजार गचके म्हणजे गुडघ्याला फुकटचा त्रास. म्हणून जाहिरातींत चाकाचे वजन ठळक छापतात. पण नुसते किलो पाहून चालत नाही. चाकात साठणारी ऊर्जा त्याच्या वजनाबरोबरच त्याच्या व्यासावर आणि वेगावर अवलंबून असते, वेगाच्या तर वर्गावर. पावठ्याच्या एका फेरीत चाक जास्त वेळा फिरेल अशी जोडणी असेल, तर सहा किलोंचे चाकही आठ किलोंच्या आळशी चाकापेक्षा सुरळीत चालते. खात्री करायची ती पायांनी, छापील आकड्यांनी नव्हे.

चाकाला विरोध कसा केला जातो, यावर आवाज आणि आयुष्य ठरते. अगदी स्वस्त यंत्रांत चाकाभोवती पट्टा आवळतात. तो घासतो, झिजतो, आवाज करतो. काहींत चाकाऐवजी पंखा असतो. तो मजबूत, पण घरघर करणारा. घरासाठी चुंबकीय विरोध सर्वांत सोयीचा. फिरत्या धातूच्या चाकाजवळ चुंबक आणले की धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते ज्या गतीमुळे निर्माण झाले त्या गतीलाच विरोध करतात. चुंबक चाकाला शिवत नाही, त्यामुळे घर्षण नाही आणि आवाजही नगण्य. पहाटे पाच वाजता शेजारच्या खोलीत मूल झोपलेले असेल, तर या फरकाची किंमत कळते.

चुंबक हाताने फिरवायच्या खुंटीने जवळ-दूर करायचा, की पडद्यावरच्या बटणाने, एवढाच पुढचा प्रश्न. खुंटीच्या यंत्राचा पडदा साध्या सेलवर चालतो. बटणाच्या बहुतेक यंत्रांना वीज लागते. जिथे भारनियमनाचा किंवा वीज जाण्याचा त्रास आहे, तिथे खुंटीचे साधे यंत्र अधिक भरवशाचे.

काही यंत्रांना बसायचे आसनही असते. 'सायकल आणि क्रॉस ट्रेनर दोन्ही' असे सांगून ती विकली जातात. आसनासाठी जागा करताना स्ट्राइड आखूड झालेली असते आणि पावठ्यांवर नीट उभे राहता येत नाही. घरात सायकलचीच गरज जास्त असेल, तर सरळ चांगली स्थिर सायकल घ्यावी.

छत, पंखा आणि खारी हवा

यंत्र जमिनीवर साधारण ५ फूट बाय २ फूट जागा घेते. चढ-उतार करायला आणि दांड्या हलायला भोवती दीड-दोन फूट मोकळी जागा लागते. जागा मोजताना बहुतेकांचे लक्ष जमिनीकडे असते, वर कोणी पाहत नाही. पावठा सर्वांत वर असतो तेव्हा जमिनीपासून सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटर उंच असतो. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे डोके त्या हिशेबाने २१५ सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. घाम पुसायला हात वर केला तर आणखी वर. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर असते, आणि छताच्या पंख्याची पाती त्याखाली फूटभर तरी लोंबतात. त्यामुळे यंत्र पंख्याखाली कधीही ठेवू नये. पोटमाळ्याखाली किंवा खाली उतरवलेल्या शोभेच्या छताखाली तर आधी मोजूनच पाहावे.

गॅलरीची कल्पना अनेकांना सुचते. उन्हाने प्लास्टिक तडकते आणि पावसाचे तुषार सांध्यांत गंज धरतात. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट, खाऱ्या हवेत तर घरातल्या यंत्रालाही गंज चढतो. घाम हादेखील खारट पाणीच. प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने दांड्या आणि पावठे पुसणे ही दोन मिनिटांची सवय यंत्राचे आयुष्य वाढवते. खाली जाड रबरी चटई घातली की फरशी वाचते आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोपही.

लहान मूल असलेल्या घरात एक धोका ध्यानात ठेवायलाच हवा. या यंत्राचे दोन्ही पावठे आणि दोन्ही दांड्या एकमेकांना जोडलेल्या असतात. मुलाने एक दांडी ओढली की दुसऱ्या बाजूचा पावठा हलतो आणि मधल्या फटीत बोट सापडू शकते. वापर नसताना विरोध सर्वांत वरच्या पायरीवर ठेवावा, आणि शक्य असेल तर खोलीचे दार लावावे. साडीचा पदर, ओढणी, सैल पायजमा यांचेही तसेच. सुटसुटीत कपडे आणि पायात बूट, हा नियम घरातही पाळावा. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्यांनी तर अनवाणी पायाने यंत्रावर चढूच नये. घासून झालेली जखम त्यांना कळतही नाही.

पडद्यावरच्या आकड्यांचे काय करायचे

पडदा वेळ, वेग, अंतर, नाडी आणि कॅलरी दाखवतो. त्यातली वेळ तेवढी बिनचूक. कॅलरीचा आकडा बहुतेक घरगुती यंत्रांत वजन, वय, विरोधाची पायरी यांचा पुरेसा विचार न करता काढलेला असतो आणि तो सहसा फुगलेला असतो. स्वतः हिशेब करणे सोपे आहे. मेट गुणिले वजन गुणिले तास. ६५ किलोंच्या व्यक्तीने अर्धा तास ५ मेटचा व्यायाम केला तर सुमारे १६० कॅलरी होतात. त्यातल्या ३० तर नुसते बसूनही खर्च झाल्याच असत्या. म्हणजे खरी कमाई १३० ची. एका वडापावात याच्या दुपटीच्या आसपास कॅलरी असतात. वजन कमी करण्याचा मोठा वाटा ताटाचा असतो, यंत्राचा नव्हे. 'पोटाचा घेर उतरवणारे यंत्र' ही जाहिरातही त्याच कारणाने मनावर घेऊ नये. कोणत्या जागची चरबी आधी उतरेल, हे व्यायामाचे यंत्र ठरवत नाही.

मग एवढ्या मेहनतीचा उपयोग काय? तो कॅलरीत दिसत नाही. नियमित व्यायामाने रक्तदाब उतरतो, स्नायू रक्तातली साखर अधिक सहज उचलतात, झोप सुधारते, जिना चढताना लागणारा दम कमी होतो. वजनकाटा हलला नाही तरी हे फायदे मिळतात.

नाडीसाठी दांडीवर धातूच्या पट्ट्या असतात. हात हलत असताना आणि घामाने ओले असताना त्या चुकतात. शिवाय '२२० वजा वय' हे कमाल नाडीचे सूत्र सरासरीचे आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी सुचवलेले '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' हे सूत्र घेतले तर साठीच्या व्यक्तीची कमाल नाडी १६० ऐवजी १६६ येते. तीही सरासरीच. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली औषधे घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच कमी राहते, त्यांना ही सूत्रे लागूच पडत नाहीत. सगळ्यांना चालेल अशी कसोटी बोलण्याची आहे. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम तीव्रता. दोन-चार शब्दांतच थांबावे लागते, ती जोरकस.

खोक्यावर एक छोटी खूण शोधावी. व्यायामाच्या स्थिर यंत्रांसाठी आयएसओ २०९५७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात 'एच' म्हणजे घरगुती वापर आणि 'एस' म्हणजे व्यावसायिक जिम. पुढे 'ए', 'बी', 'सी' ही अक्षरे अचूकतेची, 'ए' सर्वांत वरचे. बहुतेक घरगुती यंत्रे 'एचसी' वर्गातली असतात. म्हणजे त्यांच्या आकड्यांवर फार विसंबू नये, हे मानकच सांगते.

दुकानात दहा मिनिटे

हे यंत्र छायाचित्र पाहून मागवण्याजोगे नाही. ते ज्याच्यासाठी घ्यायचे त्या व्यक्तीने बूट घालून दुकानात जावे आणि किमान दहा मिनिटे चालवावे. विक्रेत्याला संकोच वाटला तरी चालेल. पहिल्या दोन मिनिटांत सगळीच यंत्रे छान वाटतात. सातव्या-आठव्या मिनिटाला पाठ पुढे झुकते का, टाच उचलली जाते का, पावलाची बोटे बधिर होतात का, हे कळू लागते. मधली स्थिर दांडी पकडून, मग हलत्या दांड्या धरून आणि थोडा वेळ उलट दिशेने चालवून पाहावे. वेग वाढवल्यावर बूड डोलते का, सांध्यांतून कुरकुर ऐकू येते का, हेही पाहावे. दुकानात नव्या यंत्राचा आवाज येत असेल, तर घरी तो वाढणारच.

हमीपत्र वाचताना सांगाड्याची, सुट्या भागांची आणि दुरुस्तीच्या मजुरीची मुदत वेगवेगळी पाहावी. सांगाडा सहसा मोडत नाही. झिजतात ते बेअरिंग, सांध्यांतले बुश, पावठ्याखालची चाके. हे भाग मिळतील का आणि दुरुस्तीला माणूस आपल्या गावात येईल का, हे लेखी घ्यावे. पुण्या-मुंबईत दोन दिवसांत येणारा कारागीर तालुक्याच्या गावी तीन आठवडे येत नाही, आणि तीन आठवडे बंद पडलेली सवय पुन्हा सुरू होणे कठीण. यंत्राचे खोके जिन्यातून किंवा लिफ्टमधून वर जाईल का, जोडणी कोण करून देणार, हेही आधीच विचारावे. जोडणीनंतर पहिल्या आठवड्यात आणि पुढे दर महिन्याला नट-बोल्ट आवळावे लागतात.

पहिले सहा आठवडे

नवे यंत्र आले की पहिल्याच दिवशी अर्धा तास करण्याचा मोह होतो आणि तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात. पहिल्या आठवड्यात रोज पाच ते आठ मिनिटे, तीही विरोधाच्या खालच्या पायरीवर, पुरे. पुढे दर आठवड्याला चार-पाच मिनिटे वाढवत गेले की सहाव्या आठवड्यापर्यंत तीस मिनिटांवर पोहोचता येते. आठवड्याचे पाच दिवस तीस मिनिटे म्हणजे दीडशे मिनिटे. आधी वेळ वाढवावा, मग विरोध आणि वेग शेवटी. पाठ सरळ, नजर समोर, टाचा शक्यतो टेकलेल्या. दांड्यांवर अंग टाकून चालवले तर पायांचे काम कमी होते आणि पडदा मात्र तेवढ्याच कॅलरी दाखवत राहतो. उलट दिशेने चालवताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जोर येतो. गुडघा दुखरा असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, चक्कर किंवा तोल जाण्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण यांपैकी काही असेल तर सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम टाळावा आणि काहीतरी गोड हाताशी ठेवावे. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अचानक घाम, नेहमीपेक्षा वेगळा दम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले तर 'एवढी पाच मिनिटे संपवू' असे म्हणू नये. लगेच थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

खरेदीआधीचा महिना

यंत्र घ्यायचे की नाही, याचा निर्णय एका साध्या प्रयोगाने करता येतो. ज्या वेळी यंत्रावर व्यायाम करायचा विचार आहे, त्या वेळी महिनाभर रोज वीस मिनिटे घरातल्या घरात किंवा गच्चीवर चालावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. महिन्याअखेर वीसपेक्षा जास्त खुणा झाल्या, तर त्या व्यक्तीकडे व्यायामाची वेळ आहे आणि यंत्र त्या वेळेचे चीज करील. खुणा पाच-सहाच झाल्या, तर अडचण यंत्राच्या अभावाची नाही. ती झोपेची असेल, कामाच्या वाटणीची असेल, किंवा तो अर्धा तास घरात कोणी मोकळा सोडत नसेल. ती अडचण चाळीस हजारांच्या यंत्राने सुटत नाही.

त्या खुणा घरातल्या कोणाच्या नावापुढे किती झाल्या, हेही पाहण्यासारखे असते. ज्या नावापुढे जास्त खुणा, त्याच व्यक्तीला बूट घालून दुकानात न्यावे.